बहनजींच्या भिंतीवरची बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं असेल, तर ते बहनजींचं. आईबाबांचं आहेच, पण ते वेगळं काढून सांगायची गोष्ट नाही. बहनजी माझ्या नात्यातल्या नव्हत्या आणि त्यांनी मला वर्गात कधी शिकवलंही नाही. जबलपूरला चेरीतालमध्ये त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती, एवढाच आमचा संबंध. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना बहनजी म्हणतात, म्हणून दूधवाला, भाजीवाला, सगळी गल्ली त्यांना बहनजीच म्हणायची. मी पहिल्या आठवड्यात एकदा "मावशी" म्हणून बघितलं. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाची मावशी आली?" त्यानंतर मीही बहनजी म्हणू लागलो.

मी सिहोऱ्याचा. बाबा तिथल्या मंडीत एका आडत्याकडे कामाला होते. आमचं मूळ घर वर्ध्याकडचं, पण तिकडचं आता बोलण्यापुरतंच उरलं आहे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझ्या मागे धाकटी बहीण शीतल होती, अभ्यासात माझ्याहून हुशार. बारावीनंतर आपणही जबलपूरला जाऊन बी.एस्सी. करायची, हे तिनं ठरवलं होतं. घरात मात्र ते अजून कोणी ठरवलं नव्हतं.

बहनजींकडे खोली विचारायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो. सिहोऱ्याच्या बसमधून उतरून, खांद्यावर पिशवी घेऊन मी उभा होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही. त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि मी जिकडे बघत होतो तिकडे बघू लागल्या.

"भाडं वेळेवर देशील?"

"हो."

"ते सगळेच देतात. खोली मागे आहे, ती नंतर बघ. आधी हे बघ."

बैठकीच्या भिंतीवर एका बाईचं मोठं चित्र होतं. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडरमधले देव होते आणि आजोबांचा हार घातलेला फोटो. असं चित्र मी आधी कधी पाहिलं नव्हतं. या बाईचं नाक बाजूनं काढलं होतं आणि ओठ समोरून. दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला, त्यातला एक आपल्याकडे बघणारा आणि दुसरा भलतीकडे. कपाळ वड्या पाडाव्यात तसं कापलेलं. एक गाल काथाच्या रंगाचा, दुसरा शेवाळी. ती तोंड आपल्याकडे करून बसली होती, तरी तिचा मागचा अंबाडाही दिसत होता. खुर्चीला तीन पाय होते. एक पाऊल चपलेतून अर्धं बाहेर आलेलं. मांडीवर तिनं एका हातानं ट्रे धरला होता, त्यात लहान लहान गोल कप, आणि तिचा अंगठा ट्रेच्या मधूनच वर आला होता. जिथे डोळा कानापाशी होता, तिथे अंगठ्याचं काय घेऊन बसायचं?

"काय दिसलं?" बहनजींनी विचारलं.

"एक बाई."

"ते कोणीही सांगेल. तुला काय दिसलं?"

मला वाटलं, चुकलो तर खोली गेली. "बाईंना बरं नाहीये," मी म्हणालो.

"अच्छा. हे आधी सांगून झालंय. अजून बघ."

मी बराच वेळ बघितलं. मग जे मनात आलं ते बोललो. "ही खुर्ची तिच्या सवयीची नाही. दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखी बसली आहे."

बहनजी आत गेल्या आणि एक संत्रं घेऊन आल्या. ते सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. "चलो," त्या म्हणाल्या, "सामान घेऊन ये."

तोच त्यांच्या घरचा नियम होता. महिन्याच्या सुरुवातीला भाडं द्यायचं आणि चित्रात दिसलेली एक नवी गोष्ट सांगायची. आधी कोणी सांगितलेलं सांगितलं, तर "अच्छा" म्हणायच्या आणि बसवून ठेवायच्या. नवं सांगितलं की अर्धं संत्रं. संत्र्याचा मोसम संपला की पेरू, पेरू नसला की गुळाचा खडा. नवीन काही दिसायचं थांबलं की खोली सोडायची, असं त्या बजावून सांगत. कोणाला त्यांनी काढल्याचं मी पाहिलं नाही, पण महिना संपत आला की आम्ही भाडेकरू चित्रापुढे उभे राहायचो हे खरं.

वरच्या खोलीत इंजिनिअरिंगचा एक मुलगा राहत होता. त्यानं मोबाइलवर शोधून काढलं की ही एक शैली आहे, युरोपात शंभरेक वर्षांपूर्वी चित्रकारांनी वस्तूंचे तुकडे करून त्या एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवायला सुरुवात केली, वगैरे. भाड्याच्या दिवशी त्यानं ते सगळं वाचून दाखवलं. बहनजींनी मन लावून ऐकलं, मधला एक भाग परत वाचायला लावला.

"फार छान," त्या म्हणाल्या. "मोबाइलला बरंच दिसलं. आता तू सांग."

तो चिडला. "मला हिला बघितलं की आमच्या गणिताच्या मॅडम आठवतात. उत्तर बरोबर आलं तरी खूश नाही व्हायच्या."

त्याला अर्धं संत्रं मिळालं.

भाडेकरूच काय, त्या कोणालाही सोडत नसत. सिलिंडर पोहोचवणाऱ्या भैयाला पाणी देता देता विचारायच्या. तो म्हणाला होता, "बहनजी, इनसे किसी ने पूछा नहीं होगा कि फोटो खींचें या नहीं." हे त्या आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायच्या. एकदा काच बदलायला चित्र ओमती भागातल्या एका फ्रेमच्या दुकानात दिलं, तर दुकानदारानं टांगायची कडी चुकीच्या बाजूला ठोकून ते परत दिलं. घरी आणून टांगलं तर बाई आडवी. बहनजींनी ते महिनाभर तसंच ठेवलं. "आडवी झाल्यावर वेगळं काय दिसतं ते तर बघा," त्या म्हणाल्या.

स्वतःला काय दिसतं ते मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. चित्र कोणी काढलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं.

"एका मुलीनं काढलंय."

"कुठल्या मुलीनं?"

"होती एक."

एका महिन्यात माझ्या लक्षात आलं की चित्रातल्या बाईचा एकच हात दिसतो. दुसरा खांद्यापासून निघून चित्राच्या कडेबाहेर जातो. मी ते सांगितलं. बहनजींनी संत्रं सोलायला घेतलं होतं, त्यांचा हात थांबला.

"दुसरा कुठे असेल?" मी विचारलं.

"कामात असेल," त्या म्हणाल्या आणि मला अर्ध्याहून मोठा भाग दिला.

त्यांच्या बाकीच्या सवयीही या चित्रासारख्याच होत्या. कोणाच्या समोर त्या बसत नसत, नेहमी बाजूला बसायच्या. "समोरून सगळे फोटोतल्यासारखे दिसतात," म्हणायच्या. मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल त्यांना त्याचसाठी आवडत नसे. नागपूरची भाची फोन करायची, तर तिला सांगायच्या, "तू मान वळव. तुझा कान बघून किती दिवस झाले." भाजीच्या ठेल्याला पूर्ण फेरी घातल्याशिवाय काही घेत नसत. भाजीवाला विचारायचा, "हो गई परिक्रमा, बहनजी?" त्याच्या या थट्टेवरून त्या एकदा माझ्याशी बोलल्या.

"इथे जो तो सांगतो, नर्मदा पाहिली. कुठे पाहिली? एका घाटावर. मग परिक्रमेला लोक कशाला जातात? सगळी नर्मदा एका जागेवरून कोणाला दिसली आहे? फिरावं लागतं. फिरून आल्यावर जी मनात राहते, ती नर्मदा. तिचं चित्र काढलं तर कसं दिसेल, सांग."

मी चित्राकडे बघितलं. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

आणखी एकदा संत्र्याची साल अख्खी काढून त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "हिला सपाट कर." मी दाबली, ती चार ठिकाणी फाटली. "चाळीस वर्षं मुलींना हेच शिकवलं. गोल गोष्ट कागदावर ठेवायची तर ती कुठेतरी फाटतेच. पृथ्वीचा नकाशा बघताना कोणी म्हणत नाही की बिचारीला काय झालं. माणसाचं डोकं काय चौकोनी आहे?" त्या शिकवायच्या तेव्हा हात न उचलता फळ्यावर पूर्ण भारत काढायच्या, असं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मला म्हणाली होती. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं तेव्हा शीतल बारावी झाली. तिला चांगले गुण मिळाले. त्याच आठवड्यात मामांनी एक स्थळ आणलं. मुलगा जबलपूरला सरकारी कचेरीत होता, मराठी, आपल्यातलाच. मी घरी गेलो तेव्हा बाबा जेवत होते.

"तिची ॲडमिशन?" मी विचारलं.

"काहून? तुझी झाली न," बाबा म्हणाले. "पोरगी दाखवून टाकू. जमलं तर जमलं. नाही जमलं तर पाहू मग तिच्या कॉलेजचं."

शीतल भाकरी वाढत होती. मला तिचा चेहरा बाजूनं दिसला. बहनजींकडे राहून मला तेवढी सवय लागली होती.

मुलाकडच्यांना सिहोऱ्यापर्यंत यायचं नव्हतं. जबलपूरलाच कुठेतरी दाखवा, असा निरोप आला. आमचं जबलपूरला कोण होतं? मी बहनजींना विचारलं. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"तिला काय हवंय?"

"शिकायचंय."

"अच्छा. माझ्या बैठकीत या. पण खुर्च्या मी लावीन आणि चित्र भिंतीवरून हलणार नाही."

रविवारी दुपारी आम्ही सगळे आलो. आईनं आल्या आल्या चित्र पाहिलं आणि पिशवीतून चादर काढली. घरून येतानाच तिनं ती घेतली होती, कारण मी तिला चित्राबद्दल सांगून ठेवलं होतं.

"बहनजी, आजच्या दिवस झाकून ठेवलं तर? पाहुणे येऊन राहिले."

"मग येऊ देत. तिलाही पाहुणे बघू द्या."

"तसं नाही हो. तोंड वाकडं आहे न तिचं. शुभ कामात..."

"चादर सोफ्यावर घाला," बहनजी म्हणाल्या. "तो खराब झालाय."

आईनं चादर सोफ्यावर घातली. बहनजींनी खुर्च्या चारही भिंतींना लावल्या होत्या. मुलीला बसवायला मधे एक स्टूल ठेवतात, ते त्यांनी आत नेऊन ठेवलं. शीतलला म्हणाल्या, "जिथून दार दिसतं तिथे बस."

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, आत्या आणि एक काका. कोणी कुठे बसायचं यात जरा गोंधळ झाला, कारण समोरची बाजू कुठली हेच कोणाला कळेना. शेवटी सगळे चारही बाजूंना विखरून बसले. पोहे आले, खोव्याची जिलबी आली. शीतल आली, नमस्कार करून दार दिसेल अशा खुर्चीवर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक असं विचारणं झालं. मधेमधे आत्याची नजर चित्राकडे जात होती.

"ह्या कोण?" त्यांनी शेवटी विचारलं. "तुमच्यातल्याच का?"

बाबांना वाटलं, बहनजींच्या घरात बसून त्यांच्या चित्राला परकं म्हणणं बरं दिसणार नाही. ते मोठ्या मनानं म्हणाले, "हो हो, घरातल्याच आहेत."

आत्यानं मुलाच्या आईकडे पाहिलं. आईनं काकांकडे. काकांनी जिलबी खाली ठेवली.

"लकवा केव्हा झाला होता त्यांना?" आत्यानं हळू आवाजात विचारलं. "नाही म्हणजे, सोयरिकीत विचारलेलं बरं असतं. एकाच बाजूला होता की दोन्ही?"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मी काही बोलायच्या आत बहनजी उठल्या. मला वाटलं रागावल्या. त्या आतून संत्रं घेऊन आल्या, आत्याच्या शेजारी बसून ते सोललं आणि अर्धं त्यांच्या हातात दिलं.

"लकवा आजवर कोणालाच दिसला नव्हता," त्या खरोखर खुशीत येऊन म्हणाल्या. "चित्र आहे हो ते. पण तुम्ही फार बारकाईनं बघता. खा ना."

आत्या ते संत्रं हातात धरून बसल्या. खावं की नाही, त्यांना समजेना.

"आणि तुम्हाला काय दिसतं?" बहनजींनी काकांना विचारलं.

काका म्हणाले, "फुटलेली बरणी चिकटवतात तसं वाटतं."

"आणि तुम्हाला?"

हा प्रश्न मुलाला होता. तो इतका वेळ मोबाइलशी चाळा करत होता. त्यानं मान वर करून नीट बघितलं. "मला यातलं समजत नाही, मॅडम. खुर्चीला तीन पाय आहेत. चौथा असेल, आपण बसलो तिकडून दिसत नसेल."

मुलगा वाईट नव्हता, असं बहनजी पुढे नेहमी म्हणायच्या.

मुलाच्या आईचा मात्र धीर सुटला. "आम्ही चित्र बघायला नाही आलो, जी. मुलगी बघायला आलो."

"बरोबर आहे," बहनजी म्हणाल्या. "मग मुलगीच सांगा. काय दिसलं?"

असं कोणी तोंडावर विचारत नाही. पण विचारल्यावर उत्तर द्यावंच लागलं. मुलाची आई म्हणाली, "रंग साफ आहे." आत्या म्हणाल्या, "केस चांगले आहेत. चालताना जराशी वाकते." काका म्हणाले, "हात कामाचे वाटतात."

तेवढ्यात शीतल बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, जणू वर्गात उत्तर सापडलं म्हणून ती बोलत होती.

"हेच तर आहे चित्रात."

"काय?" बहनजींनी विचारलं.

"लकवा नाही आहे यांना. यांना बघायला लोक आलेत. एकानं नाक पाहिलं, ते तिकडून दिसलं तसं आहे. एकीनं केस पाहिले, ती मागे बसली असेल. कोणी पाय पाहिले. ज्यानं जे पाहिलं तेवढं काढून एका जागी ठेवलं. म्हणून तोंड असं झालं." ती थांबली. मग म्हणाली, "हा डोळा पाहुण्यांसाठी आहे. पण हा दुसरा कोणाकडेच नाही पाहून राहिला. तो दाराकडे आहे."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

पाहुणे त्यानंतर फार बसले नाहीत. फोन करतो म्हणाले. निरोप मामांकडून दोन दिवसांनी आला. मुलगी जास्त बोलते, आणि तुम्ही काहीही म्हणा, त्या घरात लकव्याचं काहीतरी आहे. ते शेवटपर्यंत त्यांच्या मनातून गेलं नाही.

पण त्या दुपारी पाहुणे गेल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं. बहनजी आतून एक संत्रं घेऊन आल्या आणि न सोलता, अख्खं, शीतलच्या ओटीत ठेवलं. अख्खं संत्रं मी त्यांना कोणाला देताना पाहिलं नव्हतं.

"मलाही याच खोलीत बसवायचे," त्या म्हणाल्या. "बरेचदा. मग मी बसायचं बंद केलं."

एवढंच.

बाबा रागातच होते. "बहनजी, तुमचा मान आहे म्हणून बोलत नाही मी. पण चांगलं स्थळ हातचं गेलं. आता या पोरीचं काय करू?"

आई कपबशा गोळा करत होती. ट्रे हातात घेऊन ती चित्रापुढे थांबली. आल्यापासून तिनं त्या बाईकडे नीट पाहिलंच नव्हतं, झाकायची घाई तेवढी केली होती.

"हिचं पाऊल पाहा हो," ती बाबांना म्हणाली.

"काय झालं पावलाला?"

"चपलेतून निघून राहिलं. पाहुण्यांपुढे माझंही असंच असते. ही बसलेली नाही. उठून राहिली आहे."

बाबा उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघं बराच वेळ बघत होती, आई हातात ट्रे घेऊन. बाबांनी चित्राकडेच बघत विचारलं, "शीतल, फॉर्म भरायची तारीख गेली काय?"

"नाही. या आठवड्यात आहे."

"मग भरून टाक," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं, आपण कशावरून बोलतो आहोत हे समजावं म्हणून असेल, त्यांनी चित्राकडे बोट केलं. "उठून राहिली न ती. मग उठू दे."

त्या वर्षीपासून शीतल बहनजींच्या आतल्या खोलीत राहू लागली. तिलाही महिन्याच्या सुरुवातीला नवीन काही सांगावं लागायचं. ती एम.एस्सी. झाली, आता कटनीला कॉलेजात शिकवते. लग्नही तिनं तिच्या मनानं, तिच्या वेळेला केलं. मी बी.ए., बी.एड. करून जबलपूरच्याच एका शाळेत लागलो. बाबा अजून कोणी आलं की सांगतात, पोरीला आम्ही शिकवलं. ते खरंच आहे.

बहनजींच्यानं आता एकटं राहणं होत नाही. मागच्या वर्षी त्या नागपूरला भाचीकडे गेल्या. जाताना चित्र शीतलला दिलं. आम्हा दोघांना बजावलं की नियम चालूच आहे, फक्त फोनवर नको, फोनवर माणूस समोरूनच येतो. पत्र लिहायचं. भाची वाचून दाखवते, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.

गेल्या महिन्यात मी शीतलकडे गेलो होतो. तिथून परत आल्यावर लिहिलेलं पत्र असं:

ती. बहनजींस सादर नमस्कार.

या महिन्याचं पाठवायला उशीर झाला. राग नसावा.

आमच्या शाळेत चित्रकलेचे नवे सर आले आहेत. मागच्या आठवड्यात ते व्हरांड्यात चित्र काढत उभे होते आणि मी त्यांच्या बाजूला उभा होतो, तुमच्या सवयीनं. त्यांच्या हातात रंगांची पाटी होती. त्या पाटीला एक भोक असतं आणि त्यातून अंगठा वर काढून ती धरायची असते, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत चित्रकलेला आम्ही रंगीत खडू वापरायचो.

रविवारी कटनीला गेलो आणि आधी चित्रापुढे जाऊन उभा राहिलो. शीतल म्हणाली, दादा, चहा तर घे.

बहनजी, इतकी वर्षं आम्ही सगळे तो ट्रे आहे म्हणत आलो. पाहुणे आले म्हणजे मुलीच्या हातात ट्रेच असणार, असं आम्हाला वाटलं. तुम्हीही कधी नाही म्हणाला नाहीत, नुसतं अच्छा म्हणालात. ते कप नाहीत, रंगांचे ठिपके आहेत. एक काथाच्या रंगाचा आहे, एक शेवाळी, एक निळा, आणि तिच्या गालावर तेच रंग आहेत. सगळ्या चित्रात एक अंगठा तेवढा जिथे असायला हवा तिथेच आहे.

ते सगळे तिला बघत होते तेव्हा ती त्यांच्यापुढे बसून हेच चित्र काढत होती, असं मला वाटतं. चित्र एका मुलीनं काढलंय, असं तुम्ही सांगायचात. मी एकदा विचारलं होतं की तिचा दुसरा हात कुठे आहे. तुम्ही म्हणालात, कामात असेल.

मी हे शीतलला सांगितलं. आत जाऊन तिनं आईला फोन लावला.

हे आधी कोणी सांगितलं असेल तर नुसतं अच्छा कळवा, मी अजून बघेन. नसेल, तर नागपूरला आता संत्री आली असतील. शीतल दिवाळीत तुमच्याकडे येते आहे. माझं अर्धं तिच्याजवळ द्या.

आपला,
मागच्या खोलीतला